मद्यवाचक जुने इंग्रजी शब्द : अर्थ, व्युत्पत्ती आणि आसवारिष्टांचे भाषांतर

आसवारिष्टांचा परिचय इंग्रजीतून करून देण्याची वेळ आज अनेक वैद्यांवर येते. परदेशस्थ रुग्णास औषधपत्र लिहून द्यावयाचे असते, परिषदेसाठी निबंध लिहावयाचा असतो किंवा औषधाच्या वेष्टनावरील मजकूर तपासावयाचा असतो. अशा वेळी आपण कोश उघडतो. मोनियर विल्यम्स यांच्या 1899 च्या सुप्रसिद्ध संस्कृत-इंग्रजी कोशात ‘आसव’ शब्दापुढे ऊर्ध्वपातन, तसेच गूळ वा साखरेपासून काढलेली ‘रम’ असे अर्थ आढळतात. ‘सीधु’ शब्दाचीही तीच गत आहे. ज्याने एकदा तरी घटात धायटीची फुले घालून संधान केले आहे, त्याला ही ‘रम’ वाचून हसू येईल. परंतु ज्याने केले नाही, तो हा अर्थ खरा मानून चालेल. कोशकाराला दोष देण्यात अर्थ नाही. मद्यविषयक इंग्रजी शब्दांच्या मागे हजार-बाराशे वर्षांचा इतिहास आहे आणि प्रत्येक शब्द एका विशिष्ट द्रव्याला, विशिष्ट कृतीला चिकटलेला आहे. तो इतिहास माहीत असला म्हणजे कोणता शब्द कोठे चालेल आणि कोठे घात करील, हे कळते. म्हणून हा प्रपंच.

इंग्रजीच्या सर्वांत जुन्या अवस्थेस, म्हणजे सुमारे इसवी सनाच्या पाचव्या ते अकराव्या शतकातील भाषेस, ‘ओल्ड इंग्लिश’ म्हणतात. त्या भाषेत पेयांची चार मुख्य नावे होती : ‘वीन’, ‘मेओदु’, ‘एआलु’ आणि ‘बेओर’. यांपैकी ‘वीन’ म्हणजे द्राक्षमद्य. हा शब्द त्या लोकांचा मूळचा नव्हे. लॅटिन ‘विनुम्’ पासून व्यापाराबरोबर तो आला. द्राक्षाला त्यांच्याजवळ स्वतंत्र नाव नव्हते, म्हणून त्याला ‘वीनबेरिये’ म्हणजे ‘मद्याचे बोर’ म्हणत. वेलीला ‘वीनत्रेओव’ म्हणजे मद्यवृक्ष, मळ्याला ‘वीनयेआर्द’, पानगृहाला ‘वीनएर्न’, रस काढण्याच्या घाण्याला ‘वीनव्रिंगे’. आपल्याकडे मृद्वीका आधी आणि तीवरून मार्द्वीक. तेथे मद्य आधी आणि त्यावरून फळ. जो पदार्थ पिंपांतून परदेशाहून येतो, त्याचे फळ नंतर ओळखीचे होते, हेच यावरून दिसते.

‘वीन’ महाग होते. इसवी सन 1000 च्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या ख्रिस्ती साधूने विद्यार्थ्यांसाठी लॅटिन संवादांचे एक पाठ्यपुस्तक रचले. त्यातील मठवासी बालकाला ‘तू काय पितोस’ असे विचारले असता तो ‘एआलु’ मिळाल्यास ते, नाहीतर पाणी, असे सांगतो. द्राक्षमद्य विकत घेण्याची आपली ऐपत नाही आणि ते मुलांचे व मूढांचे पेय नसून वृद्धांचे व शहाण्यांचे आहे, अशी पुस्तीही तो जोडतो. ‘एआलु’ म्हणजे आजचे ‘एल’, यवादी धान्यांचे मद्य. आपल्या परिभाषेत सुरावर्गाच्या जवळचे.

‘बेओर’ शब्दाने मात्र विद्वानांना बराच त्रास दिला आहे. आजचा ‘बिअर’ शब्द त्याच्याशी जुळतो, म्हणून अर्थही तोच असावा असे दीर्घकाळ समजले गेले. परंतु त्या काळातील एका वैद्यकग्रंथात द्रवांच्या तुलनात्मक वजनांची एक नोंद आहे. पाण्याच्या एका ‘पौंड’ मापाच्या तुलनेत तेवढेच ‘एआलु’ 6 पेनी भाराने जड, ‘वीन’ 15 पेनी भाराने जड आणि ‘बेओर’ मात्र 22 पेनी भाराने हलके असे तेथे सांगितले आहे. धान्याचे मद्य पाण्याहून एवढे हलके असणे शक्य नाही. 1975 मध्ये क्रिस्टीन फेल या विदुषीने या व अन्य उल्लेखांवरून ‘बेओर’ हे लहान चषकातून घ्यावयाचे, तीव्र व गोड असे फळमद्य असावे, असे प्रतिपादन केले. शब्दाचे रूप टिकले आणि अर्थ पार बदलला, याचे हे ठळक उदाहरण. आपल्याकडेही ‘वारुणी’, ‘मैरेय’, ‘मेदक’ या शब्दांचे अर्थ ग्रंथकारपरत्वे बदलतात, हे येथे आठवावे.

‘मेओदु’ हा शब्द वैद्यांना सर्वांत जवळचा वाटेल. आजच्या इंग्रजीत तो ‘मीड’ झाला आहे : मधापासून संधान केलेले मद्य. तो आणि आपला ‘मधु’ हे एकाच मूळ इंडो-युरोपीय शब्दाचे वंशज आहेत. ग्रीक भाषेतील भावंड म्हणजे ‘मेथु’. गंमत अशी की ग्रीकांमध्ये ‘मेथु’ मधाला सोडून द्राक्षमद्याकडे गेला, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ अशीच संज्ञा आहे. इंग्रजांनी मात्र तो मधाशी बांधून ठेवला. 1834 मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी लाकडाच्या शुष्क ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या द्रवावरून ग्रीक ‘मेथु’ आणि ‘हुले’, म्हणजे लाकूड, हे शब्द जोडून ‘मेथिलीन’ असे नाव बनविले. त्यावरून ‘मिथाइल’ आला. ज्याच्या भेसळीने विषारी दारूचे बळी पडतात, त्या द्रव्याच्या नावात आपला ‘मधु’ लपला आहे! येथेच एक सावधगिरीची सूचना. ‘मधु’ आणि ‘मद्य’ हे कानाला सारखे वाटले, तरी ‘मद्य’ हा ‘मद्’ धातूपासून सिद्ध झालेला शब्द आहे. ‘मीड’चा संबंध त्याच्याशी जोडू नये.

‘मेओदु’वरूनच एका वनस्पतीचे नाव पडले : ‘मेदुवीर्त’, मधुमद्यात घालावयाची औषधी. आजचे ‘मेडोस्वीट’ ते हेच. ‘मेडो’ म्हणजे कुरण, असा अर्थ आता लोक लावतात, तो मागाहूनचा. या वनस्पतीचे पूर्वीचे शास्त्रीय कुलनाम ‘स्पिरीया’. हिच्यात सॅलिसिलिक वर्गाची द्रव्ये सापडली आणि 1899 मध्ये ‘ॲस्पिरिन’ हे नाव बनविताना त्यातील ‘स्पिर’ हा भाग हिच्यापासून घेतला गेला. मद्यातील प्रक्षेपद्रव्य ते जगभर खपणारी गोळी, असा हा प्रवास आहे.

त्या काळी वैद्याला ‘लेचे’ आणि औषधाला ‘लेचेदोम’ म्हणत. ‘बाल्डचे लीचबुक’ या नावाने ओळखला जाणारा वैद्यकग्रंथ दहाव्या शतकातील हस्तलिखिताच्या रूपाने उपलब्ध आहे. त्यातील एक नेत्रकल्प आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. पापणीवरील गाठीसाठी, म्हणजे बहुधा आपण जिला रांजणवाडी म्हणतो तिच्यासाठी, लसूण आणि कांद्याच्या वर्गातील दुसरे एक कंद समभाग घेऊन एकत्र कुटावे. ‘वीन’ आणि बैलाचे पित्त समभाग घेऊन त्यात मिसळावे. मिश्रण पितळेच्या भांड्यात नऊ रात्री ठेवावे. मग फडक्यातून गाळून शिंगात भरावे आणि रात्री पिसाने डोळ्यास लावावे, असा तो विधी आहे. पात्र, कालमर्यादा, गाळण्याचे साधन, ठेवण्याचे पात्र, लावण्याचे साधन आणि वेळ, सारे काही नेमके सांगितले आहे. आपल्या अंजनकल्पांच्या वाचकाला हे परके वाटणार नाही.

2015 मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातील जुन्या इंग्रजीच्या अभ्यासक क्रिस्टिना ली आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फ्रेया हॅरिसन यांनी सहकाऱ्यांसह हा कल्प मूळ पाठानुसार तयार केला. मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंवर तो प्रयोगशाळेत प्रभावी ठरला. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात आणखी महत्त्वाची गोष्ट दिसली : जंतूंच्या चिवट थरावर होणारा परिणाम केवळ लसणीतील ॲलिसिनने स्पष्ट होत नाही, सर्व घटकांचा संयोग आवश्यक ठरतो. ही प्रयोगशाळेतील निरीक्षणे आहेत, रुग्णांवरील चिकित्सेची सिद्धी नव्हे, आणि कोणी हा कल्प डोळ्यात घालू नये. परंतु संयोग आणि संस्कार यांना नगण्य मानणाऱ्यांना दाखविण्याजोगे हे उदाहरण आहे. आणि हे शक्य झाले ते एका भाषाविदुषीने प्रत्येक शब्दाचा अर्थ तपासून दिला म्हणून. कांदा की लीक, पितळ की अन्य धातू, असे प्रश्न त्यांना शब्दागणिक सोडवावे लागले. द्रव्यनिश्चितीचा हा त्रास आपल्याला अपरिचित नाही.

1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर शब्दांचा दुसरा थर बसला. 1086 च्या ‘डोम्सडे’ महसुली नोंदीत चाळीसहून अधिक द्राक्षमळे आढळतात. परंतु पुढे 1152 च्या विवाहसंबंधाने फ्रान्सचा गॅस्कनी प्रांत इंग्लंडच्या राजघराण्याकडे आला, तो 1453 पर्यंत राहिला आणि बोर्दोचे मद्य जहाजे भरभरून येऊ लागले. ‘वीनबेरिये’ जाऊन फ्रेंच ‘ग्रेप’ आला. त्याचा मूळ अर्थ घोस. ‘रेझिन’ म्हणजे फ्रेंचमध्ये साधे द्राक्ष, इंग्रजीत मनुका. ‘करंट’ म्हणजे ग्रीसमधील कोरिंथ बंदरातून येणारी बारीक काळी मनुका. ‘द्राक्षा’ शब्दाचे भाषांतर करताना ताजे फळ अभिप्रेत आहे की शुष्क, हे म्हणूनच पाहावे लागते. ‘व्हिनेगर’ हे ‘व्हँ एग्र’, म्हणजे आंबलेले मद्य. त्यापूर्वीचा शब्द ‘एचेद’ होता. आपल्या ‘शुक्त’ला हा शब्द बऱ्यापैकी जुळतो. ‘व्हर्जूस’ मात्र वेगळे : तो कच्च्या द्राक्षांचा आंबट रस, संधान न केलेला. जुन्या भाषांतरांत या दोहोंची गल्लत झालेली दिसल्यास दुरुस्त करून वाचावी.

‘क्लॅरेट’ आज बोर्दोच्या लाल मद्याला म्हणतात. मूळ लॅटिन ‘क्लारुस’ म्हणजे स्वच्छ. फिकट, नितळ रंगाचे मद्य ते ‘क्लॅरेट’. आपल्याकडे शार्ङ्गधराने सुरेच्या वरच्या नितळ भागाला ‘प्रसन्ना’ म्हटले आहे. दोन भाषांनी एकच गुण पाहून नाव ठेवले.

मापांबद्दलही दोन शब्द. ‘टन’ हे मोठे पिंप, 252 गॅलनचे. त्याच्या निम्मे ‘पाइप’ अथवा ‘बट’, चतुर्थांश ‘हॉग्जहेड’. जहाजाची क्षमता किती पिंपांची, यावरून वजनाचा ‘टन’ शब्द रूढ झाला. यातील गॅलन मात्र मद्याचा गॅलन होय. 1707 मध्ये तो 231 घन इंच, म्हणजे सुमारे 3.785 लिटर असा निश्चित झाला. 1824 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये 4.546 लिटरचा नवा गॅलन आला, अमेरिकेत मात्र जुनाच राहिला. द्रोण-आढकांचे रूपांतर एखाद्या जुन्या इंग्रजी पुस्तकातून उचलताना कोणता गॅलन धरला आहे, हे न पाहिल्यास पाचव्या हिश्श्याइतकी चूक होते.

सोळाव्या-सतराव्या शतकातील इंग्रजी वाङ्मय उघडले की नवी नावे भेटतात : ‘सॅक’, ‘शेरिस’, ‘माम्झी’, ‘कॅनरी’, ‘टेंट’, ‘हॉक’. ‘शेरिस’ हे स्पेनमधील हेरेस गावावरून. शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा समजून लोकांनी तो काढला आणि ‘शेरी’ उरली. ‘माम्झी’ ग्रीसमधील मोनेम्वासिया बंदरावरून, ‘कॅनरी’ त्या नावाच्या बेटांवरून, ‘हॉक’ जर्मनीतील होखहाइमवरून. ‘टेंट’ म्हणजे स्पॅनिश ‘तिंतो’, गडद रंगाचे. ‘सॅक’ स्पेनकडील पांढऱ्या, तीव्र मद्यांना म्हणत. त्याची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ ‘शेरिस-सॅक’ची जी स्तुती करतो, ती विनोदी असली तरी तिच्या मुळाशी त्या काळचे दोषशास्त्र आहे : हे मद्य मेंदूतील जड बाष्प सुकवते, थंड रक्ताला ऊब देते, बुद्धीला चपळ करते. युक्तीने सेवन केलेल्या मद्याचे गुण आपल्या संहितांतही आहेत. फॉल्स्टाफजवळ युक्ती तेवढी नव्हती.

ही नावे पाहिली की एक भेद ठसठशीत दिसतो. इंग्रजांनी मद्याला गावांची आणि बंदरांची नावे दिली, कारण ते गिऱ्हाईक होते. चरकाने सूत्रस्थानात आसवांच्या नऊ योनी सांगितल्या, धान्य, फल, मूल, सार, पुष्प, कांड, पत्र, त्वक् आणि शर्करा, आणि त्यांचे चौऱ्याऐंशी आसव मोजले; कारण तो कर्त्याच्या आणि चिकित्सकाच्या बाजूने पाहत होता. म्हणून चरकाच्या यादीला इंग्रजी प्रतिशब्द शोधू गेल्यास बहुतेक ठिकाणी हाती काही लागत नाही.

आता औषधी मद्यांकडे येऊ. ‘हिपोक्रास’ हे मध्ययुगातील प्रसिद्ध पेय : तयार द्राक्षमद्यात दालचिनी, सुंठ, साखर इत्यादी घालून ते शंकूच्या आकाराच्या कापडी पिशवीतून गाळीत. या गाळणीला ‘हिपोक्रेटीसची बाही’ म्हणत, त्यावरून पेयाचे नाव पडले. ‘पॉसेट’ म्हणजे गरम दूध मद्याने फाडून केलेले, सर्दी-पडशावर रात्री घ्यावयाचे पेय. मॅक्बेथच्या पत्नीने पहारेकऱ्यांना गुंगी आणली ती यातूनच. ‘कॉडल’ ही मद्य, अंडे व मसाला घातलेली कोमट पेज. ती बाळंतिणीला आणि दुर्बलांना देत. सूतिकेसाठी दीपन पेया देणाऱ्या वैद्याला ही कल्पना सहज पटेल.

याच परंपरेतून युरोपीय औषधशास्त्रात ‘मेडिकेटेड वाइन’ हा वर्ग आला. ब्रिटिश फार्माकोपियात ‘विनुम् इपेकाकुआन्ही’ होते. ते तयार शेरीपासून करीत. सर्व प्रकरणाचा मर्मबिंदू येथे आहे. ‘मेडिकेटेड वाइन’ म्हणजे अन्यत्र तयार झालेल्या मद्यात औषध भिजविणे. आसवारिष्टांत औषधद्रव्यांचा क्वाथ वा जल, गूळ, मध आणि प्रक्षेप यांचे एकत्र संधान होते आणि मद्यांश त्याच घटात, औषधांच्या सान्निध्यात, आपोआप उत्पन्न होतो. सुरा हेच द्रवद्रव्य म्हणून योजलेले काही कल्प सोडले, तर दोहोंची जात वेगळी आहे. तरीही कित्येक इंग्रजी पुस्तकांत आसवारिष्टांना सर्रास ‘मेडिकेटेड वाइन’ म्हटले जाते, आणि आपणही ते निमूटपणे उचलतो.

संधानाशी निगडित जुने शब्द त्या मानाने आपल्या कामाचे आहेत. ‘मस्ट’ म्हणजे संधानापूर्वीचा रस. ‘बार्म’ म्हणजे वर येणारा फेस, ‘लीज’ म्हणजे तळाचा साका. शार्ङ्गधराने प्रसन्नेखाली कादंबरी, जगल, मेदक असा अधिकाधिक घन होत जाणारा क्रम सांगितला आहे. त्यातील खालच्या थरांना ‘लीज’ चालेल, किण्वाला मात्र नाही, कारण किण्व हे सुराबीज आहे. त्यासाठी ‘यीस्ट’ हाच शब्द बरा. या ‘यीस्ट’चे जुने रूप ‘यिस्त’, आणि उसळणे-फेसाळणे या अर्थाच्या त्याच्या मुळाशी आपला ‘यस्’ धातू संबद्ध आहे. ‘आयास’ आणि ‘प्रयास’ त्याचेच.

शेवटचा थर ऊर्ध्वपातनाचा. ‘स्पिरिट’ म्हणजे प्राण वा श्वास. किमयागारांनी तो शब्द बाष्परूपाने निघणाऱ्या सारभागाला लावला. ‘ब्रँडी’ हे डच ‘ब्रांदवाइन’, जाळलेले मद्य. ‘आल्कोहोल’ची कथा तर वैद्यांसाठीच रचली असावी अशी आहे. अरबी ‘अल्-कुह्ल’ म्हणजे डोळ्यांत घालावयाचे अंजन, ज्याला आपण सामान्यतः स्रोतोंजन समजतो त्याचे वस्त्रगाळ चूर्ण. सोळाव्या शतकातील इंग्रजीत ‘आल्कोहोल’ म्हणजे कोणतेही अतिसूक्ष्म चूर्ण. पुढे पॅरासेल्ससच्या अनुयायांनी ‘मद्याचे आल्कोहोल’ म्हणजे मद्याचे सूक्ष्म सार असा प्रयोग रूढ केला आणि अठराव्या शतकात ‘मद्याचे’ हा भाग गळून पडला. ‘स्पिरिट’, ‘रम’, ‘ब्रँडी’ हे सर्व शब्द ऊर्ध्वपातित द्रवांचेच होत. अर्कांना किंवा यंत्राद्वारे काढावयाच्या मृतसंजीवनी सुरेला ‘स्पिरिट’ म्हणता येईल. आसवाला आणि अरिष्टाला नाही.

हा केवळ शब्दांचा खल नव्हे. आसवारिष्टांत सामान्यतः शेकडा 5 ते 10 भाग स्वयंजनित मद्यार्क असतो. ‘रम’ वा ‘स्पिरिट’ वाचून एखादा व्रतस्थ रुग्ण उपयुक्त औषध टाकून देतो. उलट ‘टॉनिक’ एवढेच सांगितल्यास व्यसनमुक्तीसाठी डायसल्फिराम घेणारा रुग्ण अरिष्ट घेऊन बसतो आणि त्याला तीव्र प्रतिक्रिया येते. यकृताचे विकार, गर्भावस्था, किंवा ज्या औषधांबरोबर मद्यार्क वर्ज्य सांगितला जातो ती औषधे, येथेही तोच धोका आहे. माझ्या मते इंग्रजीतही ‘आसव’ व ‘अरिष्ट’ हे शब्द तसेच ठेवावेत आणि पुढे ‘संधानित औषध, स्वयंजनित मद्यार्कासह’ अशा अर्थाचे वर्णन इंग्रजीत लिहून मद्यार्काचे प्रमाण द्यावे. ‘वाइन’ शब्द राखून ठेवायचाच, तर तो मार्द्वीकासाठी ठेवावा.

आपल्याकडून इंग्रजीत गेलेले शब्दही थोडेसे आहेत. ईस्ट इंडिया कंपनीचे वैद्य जॉन फ्रायर 1670 च्या दशकात सुरत, मुंबई, गोवा या भागांत वावरले. जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याकडे उपचारासाठीही ते गेले होते. 1698 मध्ये छापलेल्या त्यांच्या प्रवासवृत्तात ‘पंच’ या पेयाचे नाव पाच घटकांवरून पडल्याचे सांगितले आहे. ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही. ‘पंचन’ नावाच्या पिंपावरून ते आले असेही म्हणतात. ‘टॉडी’ मात्र निःसंशय आपली ताडी. ताल-खर्जूरांच्या रसाची जी वारुणी शार्ङ्गधराने सांगितली, तिच्याच घरातली ही. स्कॉटलंडमध्ये पोहोचल्यावर तिच्यातील ताड नाहीसा झाला आणि ‘हॉट टॉडी’ म्हणजे व्हिस्की, कढत पाणी आणि मध असे पडशावरचे घरगुती औषध बनले. उष्ण जलात मध घालण्याविषयी चरकाचे मत काय, हे तेथील लोकांना ताडीबरोबर कोणी कळविले नाही.